भादरलेला विसर्ग

डोणगाव, रविवार, ५ मे १९६३

टिनांखाली बसवत नाही. कौले काढून टिने घातली तेव्हा शेजारचा तुळशीराम धनगर म्हणाला होता, "काकाजी, उन्हाळ्यात भाजान." मी 'भाजान' नव्हे, 'भाजाल' अशी दुरुस्ती करून विषय संपवला होता. आता भाजत आहे.

उद्या चष्म्यासाठी मेहकरला जाणे भाग आहे. मुक्काम पडेल. माझ्या कुत्र्याला, विसर्गाला, सोबत नेता येत नाही. अंगभर काळे दाट केस. त्याच्या आईने ते कोण्या जंगलसाहेबाच्या बंगल्यावरून आणले असावेत. डोळ्यांच्या वर तांबूस रंगाचे दोन ठिपके, म्हणून विसर्ग. हे नाव नीट उच्चारणारा एक मनुष्य या गावात नाही. इसर्ग. इसऱ्या. करीमभाई पिंजारी तर बिसरगा म्हणतो.

तुळशीरामाचा मेंढवाडा माझ्या भिंतीला लागूनच आहे. म्हणाला, "ठेवा माह्यापाशी. एवढ्या मेंढरांत एक इसऱ्या काय जड हाये?"

ठेवीन. आज वि.ने दूध पालथे केले आणि वर माझ्याकडे पाहत उभा राहिला. फार शेफारला आहे.


सोमवार, ६ मे. मेहकर

वि.ला तु.च्या हवाली केले. मोटार सुटता सुटता, याला जरा धाक दाखव, अशा अर्थाचे दोन शब्द सांगून आलो.

चष्म्याच्या दुकानावर पाटी: 'येथे चष्मे बनवून मिळेल.' मिळतील, असे हवे. दुकानदारास सांगितले. "बाबा, तुमाले चष्मा पायजे का नको?" चष्मा हवा होता, म्हणून गप्प बसलो.


बुधवार, ८ मे

परत आलो.

त्याने वि.ला भादरले. मेंढ्यांची लोकर काढावयाच्या कातरीने. डोके आणि शेपटीचा झुपका तेवढा शिल्लक. बाकी सर्व उघडे, करडे-गुलाबी कातडे. त्यावर कातरीच्या रेघा. मला पाहून शेपूट हलवीत आला. मी प्रथम ओळखले नाही.

मथुराबाई, तु.ची बायको, कुंपणापलीकडून हसत होती: "पाहा काकाजी, कसा हलका झाला!"

याचा बदला घेतल्याशिवाय राहणार नाही. आरडाओरड करून नव्हे. रीतसर, सावकाश आणि पुरा.


गुरुवार, ९ मे

तु.ला बोलावून जाब विचारला. कचेरीच्या ओट्यावर अर्जनवीस म्हणून उभा जन्म गेला. जबानी दिली तशीच उतरवावी, हा नियम येथेही पाळतो.

"तुमीच त म्हनलं होतं, काकाजी. मोटारीत चढता चढता. लय माजला, त्याले चांगला भादरा म्हून. मी म्हनलं, बरोबर हाये, उन्हानं जीव कासावीस होऊन राह्यला मुक्या जनावराचा. मेंढरं नाही का आमी भादरत? आंग मोकयं होते."

मी म्हणालो, "मी 'त्याला भादरा' म्हणालो नाही. 'त्याची भादरा' म्हणालो. षष्ठी आहे ती."

"कोनती षष्ठी? चंपाषष्ठी त मार्गशीर्षात असते न."

'त्याची भादरणे' येथे 'हजामत' हा शब्द अध्याहृत आहे. अर्थ, खरडपट्टी काढणे. 'त्याला भादरणे' म्हणजे केस उतरविणे. सगळा भेद एका प्रत्ययाचा. आणि हा मनुष्य जे ऐकतो त्याचे 'त्याले' करून टाकतो. त्यामुळे माझे मूळ वाक्य त्याच्या तोंडून परत मिळण्याची सोय नाही. गुन्हाही त्याने केला आणि पुरावाही त्याच्याच जिभेने नष्ट केला.

करीमभाई त्या वेळी मोटारीपाशी होता. त्याला विचारले. "भादरा म्हनले एवढं पक्कं, मुन्शीजी. आगे-पीछे काय होतं, खुदा जाने. भोंगा वाजून राह्यला होता."

मी 'त्याची'च म्हणालो. मी दुसरे काही म्हणणे शक्यच नाही.


शनिवार, ११ मे

वि.ची पाठ भाजली. काल दुपारी अंगणात क्षणभर गेला, तेवढ्यात. आज कातडे लाल, हात लावू देत नाही. केस म्हणजे त्याला उबदार कांबळे, अशी तु.ची समजूत. ते कांबळे नव्हते, छप्पर होते. मेंढीची लोकर दाट वाढून गुंतते, ती काढावी लागते. कुत्र्याचे केस ऊन आणि कातडे यांच्यामध्ये उभे असतात. हे मला तरी कोठे ठाऊक होते? काल कळले.

यापुढे असे: सकाळी ऊन चढण्यापूर्वी बाहेर. मग दिवेलागणीपर्यंत नाही. नेण्याआधी धुळीवर माझ्या हाताची मागची बाजू टेकवून पाहतो. मला सोसले नाही तर त्याच्या पंजांना सोसणार नाही. पाणी मातीच्या परळात, दर थोड्या वेळाने नवे. पोटाकडून व पंजांकडून ओले करणे. एकदम गार पाणी अंगावर ओतू नये.

जोपर्यंत हे केस परत येत नाहीत, तोपर्यंत माझा राग कमी होणार नाही. वि. असेपर्यंत आणि वि. नसला तरीही.


सोमवार, १३ मे

विहिरीचा दोर काढून घरात ठेवला. चाकाला कुलूप.

विहीर माझी. तिच्या दगडी डोणीवर तु.ची मेंढरे आजवर पाणी प्यायली, ती माझ्या मर्जीने. मर्जी संपली. माझ्यापुरते पाणी पहाटे काढून घेतो.

मेंढ्यांवर माझा राग नाही. त्या या वाक्यात कर्मही नाहीत. परंतु कर्त्याला दुसरीकडून धक्का लागत नाही, त्याला मी काय करू?

तु.ने कुलूप पाहिले. माझ्याकडे पाहिले. मेंढरे हाकीत नाल्याच्या डोहाकडे गेला. तो भांडेल अशी माझी अपेक्षा होती. उत्तरे तयार ठेवली होती. तो न भांडल्यामुळे ती सर्व माझ्यापाशीच राहिली.


मंगळवार, १४ मे

करीमभाईने माझ्या जुन्या धोतराची बंडी वि.साठी शिवून आणली. पोटाशी बंद. ओली करून घातली की पाऊण दुपार शांत पडतो. धोतर पांढरे असल्याने ऊनही कमी ओढते.

क. म्हणतो, "मुन्शीजी, आता कुत्र्याचा इंतजाम झाला. आता गुस्सा थूका अन् पानी प्या."

मी म्हणालो, गुस्सा थुंकावयाचा नसतो, मांडावयाचा असतो.

"मांडा म्हन्जे?"

म्हणजे अर्ज.


गुरुवार, १६ मे

अर्ज पूर्ण. तहसीलदारसाहेबांकडे, तलाठ्यामार्फत. विषय: गावठाणातील सरकारी जागेवर विनापरवाना उभारलेला मेंढवाडा हटविणेबाबत.

बऱ्याच वर्षांनी हाताला असे काम मिळाले. एकूण तीन परिच्छेद. पहिल्यात जागेचे वर्णन. दुसऱ्यात दुर्गंधी, माश्या, वृद्ध अर्जदाराच्या आरोग्यास उपद्रव. तिसऱ्यात विनंती. कुत्र्याचा उल्लेख कोठेही नाही. राग दिसला तर अर्ज पडतो. 'सबब', 'मजकूर इसम' वगैरे जुने कचेरी शब्द काढून टाकले. राज्य मराठीचे झाले आहे, अर्ज मराठीत हवा. नव्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. मला ते आवडत होते, तरी सोडले. नियम तो नियम.

'हटविण्यात यावा' लिहावे की 'काढून टाकण्यात यावा' यावर बराच वेळ गेला. 'हटविण्यात' मध्ये धार आहे.

मेंढवाडा म्हणजे तुरी-कापसाच्या वाळल्या काड्यांचा, तुराट्या-पऱ्हाट्यांचा कूड आणि वर पळसाच्या फांद्यांचे छप्पर. मोडला तर तु.ला एवढी मेंढरे ठेवावयास गावात जागा नाही. हे मला ठाऊक आहे. ठाऊक आहे म्हणूनच.

तलाठ्याच्या हातात दिला. वाचून तो म्हणाला, "मास्तर, फारच छान." मी मास्तर नाही. तरी बरे वाटले.


शनिवार, १८ मे

मथुराबाई दारात आली. उंबऱ्याच्या आत नाही.

"काकाजी, एक इचारू का? कुत्र्याचे केस त येतीन वापस. आमची काय सजा हाये अन् कवालोक हाये, तेवढं सांगा."

मी म्हणालो, "शिक्षा मी देत नाही. विहीर माझी आहे."

"विहीर तुमची. झरा कोनाचा हाये?"

ती गेली. जाताना वि.कडे पाहून म्हणाली, "बंडी घातली कारे इसऱ्या? नवरदेव झाला काय?" त्याने तिला शेपूट हलविली. मी त्याला आत घेतले.


सोमवार, २० मे

आज वि. गेलाच होता.

दुपारी टिने कडकड वाजत होती. तो कोपऱ्यात पडलेला. धाप लागलेली, ती नेहमीच होती. पण जीभ जांभळट, तोंडातून चिकट लाळ, उठवले तर मागचे पाय दुमडले. डोळे माझ्यावर नाहीत. बंडी कोरडी ठणठणीत. मी डोळा लागून झोपलो होतो.

हाका मारल्या. करीमभाई आला. माजघरातली जमीन ओली केली, त्यावर त्याला आडवे केले. मी पोटावर, काखेत, पंजांवर पाणी लावीत राहिलो आणि क. सुपाने वारा घालीत राहिला. नुसते पाणी पुरत नाही. वारा लागला तरच ते गार करते. हे सुपाच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर दिसत होते.

तु. दारात आला. "काकाजी, वाड्यात आना त्याले. तिथं हवा हाये."

मी म्हणालो, "उंबऱ्याबाहेर हो."

झाला. क.चे सूप एकदा थांबले.

संध्याकाळी वि.ने पाणी चाटले.

आणि ज्याने हे केले तो म्हणतो, वाड्यात आणा. आधी छप्पर उतरवायचे आणि मग सावली देऊ करायची. अर्जाचे काय झाले, उद्या तलाठ्याला विचारीन.


मंगळवार, २१ मे

विचारले. अर्ज मेहकरला गेला आहे, म्हणाला. "होईल." कोण होईल? क्रियापदाला कर्ता नाही. कचेऱ्या अशाच चालतात.


शनिवार, २५ मे

तु.ची गाभण मेंढी नाल्याच्या वाटेवर पडली. उठली नाही. क.ने सांगितले.

ऐकले.


रविवार, २६ मे

दोर परत लावला. चाकाचे कुलूप काढले. पाणी उपसले नाही तर विहीर खराब होते, हे कोणीही सांगेल.

डोण स्वतः भरून ठेवली. वयाला न शोभणारे काम. कंबर धरली आहे.

तु.ने भरलेली डोण पाहिली आणि मेंढरे नाल्याकडेच हाकली.

म्हणजे हा आता माझ्यावर सूड घेत आहे. इतक्या उन्हात, स्वतःची जनावरे तंगडवून! मला खाली मान घालावयास लावण्यासाठी. कावळे आणि साळुंक्या डोणीत न्हात होत्या. सायंकाळपर्यंत पाहत बसलो.


मंगळवार, २८ मे

रोहिणी लागल्या आहेत. हवा पालटली. सकाळपासून आभाळ भरते, दुपारी पोकळ होते. झळा कमी, पण अंग चिकचिकते. धोतर वाळत नाही.

वि. अधिक अस्वस्थ. बंडी ओली करून घातली तर ती ओलीच राहते आणि आत तो उकडतो. कोरड्या उन्हात जी बंडी गार करीत होती तीच या दमट हवेत गोधडी झाली. काढून टाकली. दारे-खिडक्या उघड्या ठेवल्या, पण घराची बांधणी अशी की वारा एका दारातून येतो आणि विचार बदलून परत जातो. सुपाने वारा घालतो. हात भरून येतात. थांबलो की तो डोळे उघडतो.

पाठीवर बारीक काळी लव येऊ लागली आहे. तिने राग थोडा कमी व्हावयास हवा होता. उलट, केस किती सावकाश येतात, ते रोज दिसते.


गुरुवार, ३० मे

वि. दुपारी घरात नाही. परळ भरलेले, दार उघडे.

सापडला. तु.च्या मेंढवाड्यात. पळसाच्या फांद्यांखाली, मेंढ्यांच्या मध्ये, चारी पाय पसरून. कुडाच्या फटींतून वारा येत होता. बाहेर उभ्या असलेल्या मलाही लागला. धाप नाही. इतक्या दिवसांत प्रथमच तोंड मिटलेले.

मी हाक मारली. कान हलविला. उठला नाही.

तु. म्हणाला, "झोपू द्या न, काकाजी. कोनाले खाऊन नाही राह्यला."

मी आत शिरलो नाही. ज्या जागेविरुद्ध अर्ज आहे तेथे अर्जदाराने पाऊल टाकू नये. बाहेरून पुन्हा हाक मारली, संपूर्ण नावाने. मेंढ्या माझ्याकडे पाहू लागल्या. तो नाही.

शेवटी मथुराबाईने "जाय रे इसऱ्या, बोलवून राह्यले" म्हटल्यावर उठला. तिच्या 'इसऱ्या'वर. माझ्या 'विसर्गा'वर नाही.


शुक्रवार, ३१ मे

बांधून ठेवला. दुपारभर कण्हला, दोर ताणून धापा टाकीत राहिला. जीभ पुन्हा लांब आली.

मी सोडले नाही. गाठ सैल होती.

कोठे गेला ते पाहावयास गेलो नाही.


रविवार, २ जून

तलाठ्याचा निरोप: अर्जाची दखल घेण्यात आली आहे. सोमवार, दहा तारखेस सर्कलसाहेब जागेची पाहणी करतील. अर्जदाराने हजर राहून तोंडी म्हणणे द्यावे. बहुतेक अतिक्रमण त्याच दिवशी काढतील.

निरोप वाचून जो आनंद व्हावा, तो झाला. शिवाय तीन परिच्छेदांत एकही खाडाखोड नसलेला अर्ज पहिल्या फेरीत मंजुरीकडे जातो, हे अजूनही खरे आहे.

वि. दुपारभर तिकडेच असतो. तिन्हीसांजेला घरी येतो, मेंढ्यांचा वास घेऊन.


मंगळवार, ४ जून

तु. कुंपणापाशी थांबला. स्वतःहून. प्रथमच.

"काकाजी, तलाठ्यानं तुमचा अर्ज वाचून दाखवला."

मी कुंपणाची एक काठी सरळ करू लागलो.

"लय नामी लिवला. मले त अर्धा समजला नाही. पन आयकाले गोड लागला. मथुरी म्हने, आपल्या वाड्याचं एवढं चांगलं वर्नन कोनी केलं नाही."

थट्टा करतो की खरे बोलतो, कळले नाही. 'वर्नन' नव्हे, 'वर्णन', एवढे म्हणालो.

"हाव, तेच."


गुरुवार, ६ जून

मीच बोलावले. बराच विचार करून. अर्ज मागे घेता येतो. पाहणीपूर्वी अर्जदाराच्या एका ओळीने प्रकरण दप्तरी दाखल, म्हणजे बंद, होते. असे मी शेकडो वेळा करून दिले आहे. मात्र फुकट नाही. त्याने चूक मान्य करावी. स्पष्ट शब्दांत, क.च्या समक्ष.

क. ओट्यावर बसला. तु. उभा.

मी म्हणालो, "म्हण. माझी चूक झाली."

"माही चुकी झाली, काकाजी."

"'चुकी' असा शब्द नाही. 'चूक'. आणि 'माही' नव्हे, 'माझी'."

"माझी चुकी झाली."

"चूक."

क. खाली पाहून पान लावू लागला. तु.ने पागोटे काढले, घाम पुसला, पुन्हा घातले.

"काकाजी, मले जसं बोलता येते तसं मी बोललो. दोनदा बोललो. चुकी माही होती त माह्या बोलीत म्हनलं. तुमच्या बोलीत म्हनाले लावसान, त मंग ते तुमची होईन."

आणि गेला. मेंढरांना हाका घालीत, नेहमीच्या चालीने.

क. पान तोंडात टाकून म्हणाला, "मुन्शीजी, मान्य त केलं होतं त्यानं. पहिल्या झटक्यातच."

"अशुद्ध होते."

"माफी अशुद्ध असते काय?"

त्याला घरी जावयास सांगितले. अर्ज मागे घेत नाही.


शनिवार, ८ जून

मृग. आभाळ खाली आले आहे, थेंब नाही. पान हलत नाही. जेवण नको वाटते.

सर्कलसाहेबांपुढे द्यावयाचे म्हणणे तयार करू लागलो. पहिले वाक्य चांगले जमले: 'सदर मेंढवाडा मनुष्यवस्तीस व जनावरांच्या आरोग्यास सर्वस्वी अपायकारक आहे.' मोठ्याने वाचून पाहिले. 'जनावरांच्या' येथे थांबलो. तो शब्द खोडला. मग वाक्य पांगळे झाले.

वि. तिकडे. त्याला आणावयास गेलो नाही. आणून ठेवावयास माझ्याकडे गार जागा नाही.


रविवार, ९ जून

जेवणानंतर पलीकडून फांद्या मोडल्याचे आवाज. उठून गेलो.

तु. शिडीवर. वाड्याचे छप्पर स्वतःच्या हाताने उतरवीत होता. पळसाच्या फांद्या खाली पडत होत्या आणि मथुराबाई त्यांची मोळी बांधीत होती. मेंढ्या कुडाकडे सरकल्या होत्या.

"हे काय चालविले आहेस?"

"काढून राह्यलो, काकाजी. उद्या सर्कलसाहेब येईन, मानसं लावून फेकतीन. त्यापेक्षा माह्या हातानं निंघालेलं बरं. फांद्या त कामी येतीन."

"आणि मेंढ्या?"

"घाटाखाली मेव्हना हाये. पाहू तिकळे." मग मथुराबाईला: "ते सुतळी दे वं."

वि. वाड्याच्या मध्यभागी झोपलेला होता. एक फांदी निघाली की त्याच्या अंगावर ऊन येई; तो डोळे न उघडता उरलेल्या सावलीत सरके. पुन्हा फांदी, पुन्हा ऊन, पुन्हा सरकणे. पाठीवर लव आली आहे. उन्हाला ती पुरत नाही. तो उठून घराकडे येईल म्हणून मी वाट पाहिली. आला नाही. तो फक्त लहान होत जाणाऱ्या त्या काळ्या तुकड्यात अंग आखडून घेत होता.

हेच मला हवे होते. अर्जातले तिसऱ्या परिच्छेदातले वाक्य डोळ्यांपुढे घडत होते, सरकारी माणसाशिवाय, एक दिवस आधी. मला समाधान वाटावयास पाहिजे होते. थोडे वाटलेही, खोटे लिहीत नाही.

छत्री घेऊन आत गेलो. होय, वाड्यात. वि.वर धरून उभा राहिलो.

वरून: "काकाजी, बाजूले व्हा. डोक्यात पडंन."

"हा उठत नाही."

"नाहीच उठत तो. मी त सकायपासून सांगून राह्यलो त्याले, जाय बापा घरी. आयकत नाही. कोनावर गेला, काय माईत."

मथुराबाई तोंडाला पदर लावून हसली. अशा वेळी!

मी हललो नाही. तोही फांदी धरून तसाच राहिला. घाम त्याच्या कोपरावरून माझ्या छत्रीवर पडत होता.

"मंग काढू का ठेवू, तेवढं बोला. मी वर लटकून राह्यलो."

मी म्हणालो, "प्रकरण दाखल आहे. बोलावयाचे ते उद्या अधिकाऱ्यांपुढे बोलेन."

"अन् उद्यालोक मी इथंच बसू काय?"

मी छत्री दुसऱ्या हातात घेतली. क्षमा मी केलेली नाही. ती मेंढी मेली म्हणून त्यानेही मला केलेली नसावी. तो थोडा वेळ वाट पाहून खाली उतरला आणि हात धुवावयास माझ्या डोणीकडे न जाता आपल्या घागरीकडे गेला.

अर्धे छप्पर शाबूत आहे. शिडी तशीच लावलेली. वि. उरलेल्या अर्ध्याखाली आहे. छत्री मी त्याच्यापाशी उघडी ठेवून आलो.

उद्याचे म्हणणे दोन तऱ्हांनी मांडून पाहिले: वाडा हटवावा, आणि वाडा राहू द्यावा. दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत.